कोसमटोल्याचा उलटा खांब

पत्रू वाढई, म्हणजे तिकडचा सुतार, झाड तोडण्याआधी त्याच्याखाली एक झोप काढायचा. जेवणावर येते तशी डुलकी नव्हे. पालापाचोळा अंगाखाली नीट पसरून, लाकूड तासायची वाकस उशाशी ठेवून, ठरवून काढलेली झोप. कोसमटोल्याच्या शाळेला बारा खांब लागणार होते, म्हणजे बारा झोपा. मी तेव्हा चोवीस वर्षांचा ओव्हरसियर होतो, नुकताच नागपुराहून आलेला, आणि सरकारी काम व झोप यांचा संबंध निदान उघडपणे मान्य करायला तयार नव्हतो. पहिल्या दिवशी मी त्याला हलवून उठवलं. तो उठला, डोळे चोळले, झाडाकडे पाहिलं आणि म्हणाला की आता पुन्हा पहिल्यापासून झोपावं लागेल.

हे चौपन्न सालातलं. गडचिरोली, धानोरा, सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. कोसमटोला धानोऱ्यापासून पाच कोस आत. माझ्या नकाशात शाळा विटांची होती, सिमेंटची होती, वर पत्रे होते. नकाशा फार देखणा होता. पण सिमेंटच्या गोण्या घेऊन निघालेल्या बैलगाड्या दोन नाले ओलांडून येईपर्यंत निम्म्या गोण्यांचे दगड झाले, आणि वरच्या साहेबांनी वैतागून लिहिलं की तिथे जे मिळेल त्यात उभी करा. तिथे सागवान मिळत होतं, बांबू मिळत होता, आणि पत्रू मिळत होता.

पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. आसपासच्या सात-आठ गावांतली घरं त्यानं किंवा त्याच्या बापानं उभी केलेली. गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, घरं सहसा घरचेच लोक उभी करत, पण मेढ, म्हणजे मधला मुख्य खांब, उभारायची असली की तेही पत्रूला बोलावत. त्याच्या डोळ्यांवर तेव्हाच पांढरी साय धरायला लागली होती. त्याला ते कळत होतं, पण त्याचं फारसं अडत नव्हतं, कारण लाकूड तो मुख्यतः हातानंच पाहायचा.

झोपेचं कारण मी चैतूकडून काढून घेतलं. चैतू मडावी हा टोल्यावरचा जाणता माणूस, आमच्या कामावरच्या गड्यांचा पुढारी. त्यानं सांगितलं की ज्या झाडाखाली स्वस्थ झोप लागते त्याच झाडाच्या खांबाखाली पुढं लोक स्वस्थ झोपतात. ज्याच्याखाली माणूस सारखा कूस बदलत राहतो ते झाड सोडून द्यायचं. मी विचारलं, शाळेत पोरांनी झोपावं अशी योजना आहे काय? चैतू हसला नाही. त्याला तो प्रश्न रास्त वाटला असावा, कारण त्यानं पत्रूला जाऊन तो विचारला. पत्रू म्हणाला की ज्याला झोप येत नाही त्याला अक्षरही येत नाही.

पौषातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात आम्ही रोज जंगलात जात होतो. उजेडी पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, हे तिथलं लहान मूलही सांगत असे. पाचव्या-सहाव्या दिवशी मी भांडणं सोडून दिलं आणि पत्रू झोपला की शेजारी बसू लागलो. सागाची मोठी पानं एकेक करून खाली येत. एक पान सुटलं की ते खाली टेकेपर्यंत मला एखादा लांबचा दिवस आठवून व्हायचा. ऊन झाडांतून गाळून यायचं आणि पत्रूच्या छातीवर हलत राहायचं. कधीतरी मीही झोपलो. उठलो तेव्हा बराच वेळ मला माझं नाव आठवेना, आणि त्याचं वाईटही वाटेना. आयुष्यात इतकी निवांत झोप मी पुन्हा कधी घेतलेली नाही. ते झाड आम्ही तोडलं. शाळेचा तो सातवा खांब.

तोडलेले ओंडके महिनाभर गावाच्या बोडीत, म्हणजे शेताच्या डोक्याकडच्या लहान तळ्यात, बुडवून ठेवायचे होते. तोवर मला काम नव्हतं. रुखमाबाई, पत्रूची बायको, रोज एकदा तरी चहाला बोलवायची आणि मी त्यांच्या ओसरीवर बसून वर बघत राहायचो. त्या घरात एक खिळा नव्हता. खांब जमिनीत पुरलेले नव्हते, दगडावर उभे होते, त्यामुळे वाळवीला वर चढायला वाट नव्हती आणि चढलीच तर दिसत होती. कुडाच्या भिंतींनी छपराचा भार घेतलेलाच नव्हता. भिंत पडली तरी घर उभं राहणार, आणि भिंत पुन्हा लिंपायला दोन बायका पुरणार. भिंत आणि छपराच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, मध्ये वीतभर फट होती, तिच्यातून आतली गरम हवा निघून जायची. सगळे सांधे कुसू, म्हणजे भोकात बसणारी लाकडाची जीभ, आणि पाचर यांवर. पाचर ठोकली की घर घट्ट, काढली की सुटं. पत्रूच्या बापानं हेच घर एकदा नदीकाठाहून उचलून इथं आणलं होतं. कॉलेजात आम्हाला बांधायला शिकवलं होतं. बांधलेलं सोडवता यावं, ही गोष्ट कुणी काढलीच नव्हती.

आता माझी करामत सांगतो.

पत्रूच्या घरचे खांब बुडाशी जाड आणि वर निमुळते होते, झाड जसं असतं तसे. मला ते ओबडधोबड वाटायचे. शाळेचे खांब मी चौकोनी, वरखाली एकसारखे, आठ-आठ इंचाचे करून घेतले. दोन्ही टोकांना एकाच मापाचा कुसू काढायला लावला, एक खालच्या दगडातल्या भोकात बसायला, दुसरा वरच्या आडव्या तुळईत, म्हणजे मयालीत. पत्रूला हे आवडलं नाही. बूड कोणतं हे मग कसं समजणार, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं खूण कर. तो म्हणाला खुणेची जरूर नाही, आम्ही बुडं रस्त्याकडं करून ठेवतो. आणि त्यानं बाराही खांब तसे ओळीनं ठेवले, बुडं रस्त्याकडं, शेंडे जंगलाकडं.

ज्या दिवशी खालच्या टोकांना डांबर फासायचं होतं, त्या दिवशी पत्रू धानोऱ्याच्या बाजाराला गेला होता. कडेचा खांब माझ्या जीपच्या वाटेत येत होता. मी दोन गड्यांना तो उचलून पलीकडं ठेवायला सांगितलं. त्यांनी उचलला, वळवला, ठेवला. मी समोर उभा होतो. मग मी सांगितलं, रस्त्याकडची सगळी टोकं काळी करा. त्यांनी केली.

डांबरानं टोकांवरच्या रेषा झाकून गेल्या. पत्रूनं काळं टोक खाली धरून बाराही खांब उभे केले. चैत्र लागला होता, साहेबांची तारीख ठरली होती, मी त्याच्या मागं घाई लावून ठेवली होती. तरी काम सुरेख झालं. मयाली चढल्या, आढं बसलं, कवेलू चढले. पत्रू त्या दिवशी प्रत्येक खांबाला हात लावून फिरला नाही, हे मला नंतर आठवलं. तो थकला होता, आणि मी त्याला कवेलूंच्या उताराकडं बोलावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शाळेच्या ओसरीवर झोपला. त्याचा तो नेमच होता, काम संपलं की तिथंच एक झोप. मी आत फळ्याची जागा मोजत होतो. बाहेर मोहफुलांचा वास इतका दाट होता की डोकं जड व्हायचं. पत्रू उठून आत आला तेव्हा त्याचा चेहरा झोपेतच होता. त्यानं मला सांगितलं की बाराही झाडं त्याच्या झोपेत आली होती. जंगलात जिथं उभी होती तशीच शाळेत येऊन उभी राहिली, पानांसकट. अकरा झाडांनी त्याच्यावर सावली धरली. एक मात्र डोकं मातीत खुपसून, मुळ्या वर करून उभं होतं, आणि त्याच्या मुळ्यांतून वाळलेली माती त्याच्या तोंडावर पडत होती.

मी स्वप्नावर काहीतरी विनोद केला. तोवर तो एकेका खांबापाशी जाऊन हात फिरवायला लागला होता, खालून वर, वरून खाली. झाडाच्या अंगावरून बुडाकडून शेंड्याकडं हात नेला तर तो सरळ जातो, उलटा नेला तर कुसळ लागतं. दक्षिणेच्या कडेच्या खांबापाशी तो थांबला. हात पुन्हा फिरवला. मग खाली बसला.

"साहेब, हा उलटा हाय," तो म्हणाला. "मी उलटा उभा केला."

कोणता खांब ते मी पाहिलं, आणि जीप डोळ्यांपुढं आली. मला त्याच क्षणी सगळं समजलं. असं म्हणायची सोय नाही की नंतर उमगलं.

त्यानं खांब काढून फिरवायची परवानगी मागितली. चार दिवस लागतील म्हणाला. उद्घाटनाला आठ दिवस होते, गिलावा ओला होता, आणि मी मनाशी म्हणालो, लाकडाला काय कळतं वर आणि खाली. परवानगी दिली नाही. डांबराचं बोललो नाही. वरच्या साहेबांना कळलं तर हसतील, ही भीती खरी. पण त्याहून खरं असं की एका वाढयापुढं चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती.

त्या मुलखातला रिवाज मला दुसऱ्या दिवशी चैतूकडून कळला. ज्या वाढयाच्या हातून खांब उलटा उभा राहिला त्यानं पुन्हा कुणाच्या घराला हात लावायचा नाही. त्याला कुणी शिक्षा करत नाही, पंचायत बसत नाही. तो स्वतःच आपली वाकस आढ्याला टांगतो. पत्रूनं आदल्याच संध्याकाळी टांगली होती.

उद्घाटन झालं. हार घातले गेले, पैकी एक मलाही. पत्रू आला नव्हता.

मग माझी बदली चांद्याला झाली. तिथं मी खरोखरीचं सिमेंट ओतलं. पण काय झालं होतं, माझा हात बदलला होता. नकाशा काढायला बसलो की छपराची पागोळी मी दोन हात पुढं काढत असे. भिंतीच्या डोक्याशी हवेला फट ठेवत असे. भार खांबांवर आणि भिंती मोकळ्या ठेवत असे. दाराखिडक्यांच्या चौकटी अशा बसवत असे की एक सडली तर भिंत न फोडता बदलता यावी. वरचे साहेब खूश होते. कल्पना चांगल्या आहेत म्हणायचे, कुठून सुचतात विचारायचे. मी सांगायचो, वाचनात आलं. असा मी माणूस.

दुपारी जेवून पडलो की झोप लागायची नाही. मी कूस बदलत राहायचो.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, शाळांच्या दुरुस्तीची यादी करायचं निमित्त काढून मी कोसमटोल्याला गेलो. यादीत ते गाव नव्हतंच. शाळा ठणठणीत होती. पोरं ओळीनं बसली होती, फक्त दक्षिणेच्या कडेला एका खांबाभोवती दोन हात जागा मोकळी होती. मास्तर म्हणाले, सांगून थकलो, तिथं कुणी बसत नाही.

पत्रूच्या घरी गेलो. रुखमाबाई शेतावर दुसऱ्याच्या धानाची कापणी करायला गेली होती. पत्रू ओसरीवर होता. साय पुरती धरली होती, मी बोललो तेव्हाच त्यानं मला ओळखलं. वर आढ्याला वाकस टांगलेली होती आणि तिच्यावर कोळ्यानं घर केलं होतं. त्यानं माझ्या घरच्यांची विचारपूस केली, लग्न झालं का विचारलं. मग त्याला हवं होतं तिथं तो आला. म्हणाला, दोन वर्षं सारखा एकच हिशोब करून राह्यलो. बारा खांब मी स्वतः ठेवले, बुडं रस्त्याकडं, मग एक फिरला कसा. माझेच हात मला खोटं सांगायला लागले काय. आता बायकोनं हातात भाकर दिली तरी उलटीसुलटी करून बघतो.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते असं, की खांब फिरवायची परवानगी मी आणली आहे.

परवानगी कसली, खिशात कोरा कागद होता. पण सरकारी इमारतीला साहेबाशिवाय हात लावायची कुणाची छाती नव्हती, आणि साहेब मीच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा टोला जमला. पोरं बाहेर चिंचेखाली बसवली. पत्रूला लाकडाला शिवायचं नव्हतं, म्हणून तो भिंतीशी बसून नुसता बोलत होता आणि चैतू आणि आठ गडी करत होते. टेकू इथं लाव. आता तिकडचा. पाचर ढिली कर, काढू नको. मयाल दोन बोटं उचल. छपरातून कवेलू कुरकुरले, मातीची बारीक धार खाली आली, आणि एवढं मोठं छप्पर उचललं गेलं तरी एक कवेलू फुटला नाही. मी भारावून पाहत होतो. खांब मयालीतून सुटला आणि चौघांच्या हातांवर आडवा झाला. त्यांनी तो सावकाश फिरवला. शेंडा वर गेला, बूड खाली आलं. दोन्हीकडचे कुसू एका मापाचे होते म्हणूनच हे जमलं, आणि एका मापाचे होते म्हणूनच सारं घडलं होतं. काळं टोक आता वर होतं, मयालीच्या पोटाशी, सगळ्यांना दिसेल असं.

मयाल खाली उतरली. पाचरी बसत गेल्या. शेवटची एक उरली तेव्हा चैतूनं हात थांबवला आणि पाचर ठोकायची लाकडी मोगरी पत्रूच्या हातात दिली.

मी विचारलं हे काय. चैतूनं हलक्या आवाजात सांगितलं की फिरवलेल्या खांबाची शेवटची पाचर, ज्याच्याकडून चूक झाली त्यानंच मारायची. त्यानं मारली की खांब निर्दोष होतो, आणि मारणाऱ्याच्या नावावर चूक कायमची लागते. मग त्याची वाकस पुन्हा खाली येत नाही. आतापर्यंत निदान संशयाला जागा होती, चैतू म्हणाला, आता तीही राहणार नाही. पण पोरं तरी तिथं बसतील.

पत्रू उठला. मोगरी हातात घेऊन, दुसरा हात पुढं करून तो चाचपडत खांबाकडं चालला. लोक बाजूला झाले. रुखमाबाई दारापाशी होती, तिनं पदर तोंडात धरला होता. मला अजून ते दिसतं. खिडकीतून ऊन आत आलेलं, त्यात उडालेली माती तरंगत होती, आणि एक माणूस जे त्यानं केलेलं नाही ते कबूल करायला हळूहळू चालला होता. झोपेत जसं आपल्याला ओरडायचं असतं आणि आवाज फुटत नाही, तसं माझं झालं होतं. त्याची बोटं खांबाला लागली. त्यानं पाचर चाचपली. मोगरी वर उचलली.

मी पुढं होऊन ती त्याच्या हातातून घेतली. त्यानं सोडली. कुणी घेतली हे त्याला कळलं नाही. मी पाचरीवर तीन ठोके मारले. तिसरा जरा वाकडा पडला.

काळ्या टोकाकडं सगळे पाहत होते, मग माझ्याकडं. मी पुढं तीस वर्षं बांधकामंच केली, तेव्हा त्यांच्या रिवाजाप्रमाणं मी अजून दोषीच आहे.

पत्रू रिकामा हात तसाच पुढं धरून उभा होता.

"कोनं मारली, चैतूभाऊ?" त्यानं विचारलं.

"साहेबानं," चैतू म्हणाला. "त्यायनंच मारली जी."

पत्रू माझ्या दिशेला वळला. त्याच्या पांढऱ्या डोळ्यांतून मला काही वाचता आलं नाही. मी सांगायला लागलो, जीप, गडी, डांबर, सगळं एका दमात. त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. तो आपलेच दोन्ही हात तोंडासमोर धरून, एकमेकांवर फिरवून, बराच वेळ पाहत होता.

"रुखमे," तो म्हणाला, "माही वाकस उतरवून आन."